घासलेलं नाव

आमच्या ह्यांना भांड्यांवर नावं घालता येतात, बाकी काही येत नाही. हे मी त्यांच्या तोंडावर म्हणते, तुम्हालाही सांगते. नालासोपारा पूर्वेला एका भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून दिनानाथरावांनी अख्खी हयात काढली. स्टीलचा डबा घ्या, कळशी घ्या, हातातलं ते घर्र घर्र वाजणारं मशीन चालवून त्यावर 'सप्रेम भेट' आणि खाली देणाऱ्याचं नाव. अक्षर मात्र देखणं. लग्न झाल्यावर माझ्या माहेरच्या घंगाळावर त्यांनी 'सुहासिनी' असं घातलं, तेव्हा मला वाटलं, चला, नवऱ्याचं अक्षर तरी बरं आहे.

पुढे भांडी द्यायची पद्धत कमी झाली, लोक पाकीट देऊन मोकळे होतात. मग ह्यांच्याकडे सुतार, फिटर, इलेक्ट्रिशियन यायला लागले. इकडे जिथे बघावं तिथे इमारती उठतायत, आणि साइटवरून मशीनं चोरीला जाणं रोजचंच. माणूस जेवायला गेला की ड्रिल गायब, ग्राइंडर गायब. म्हणून जो तो आपल्या मशीनवर नाव घालून न्यायचा. जुनं मशीन घ्यायला निघालेलेही यायचे. "काका, बघा जरा, घेऊ का हे?" हे चष्मा कपाळावर चढवून मशीन उलटंपालटं करायचे. कंपनीच्या नंबराची पट्टी जागेवर आहे का, कुठे घासलंय का. विकणाऱ्याला विचारायचे, बिल कुठाय? बिल नसेल तर कुठून घेतलंस, वायर कधी बदललीस, ते तरी सांग. ह्यांचं म्हणणं, ज्याचं मशीन असतं तो न विचारता कहाण्या सांगत बसतो, चोर नुसता भाव उतरवत जातो. आणि घासलेल्या नावावर दुसरं नाव घालायचं नाही, हा नेम. नेमाला हा माणूस पक्का. मलाही त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

आमचा सिद्धेश सुतारकामात पडला. दुसऱ्यांच्या हाताखाली राबून राबून त्याला पहिल्यांदा स्वतःचं काम मिळालं. जूचंद्रला नवीन बिल्डिंग, तिची सगळी दारं बसवायची. पोरगा नुसता हवेत. दारं तासायला विजेवरचा रंधा हवा, नवा परवडेना, म्हणून त्याने तिकडच्याच एका दुकानातून जुना घेतला आणि घरीसुद्धा न येता थेट पायरीवर गेला. "पप्पा, माझं नाव घाला ह्याच्यावर." मी ह्यांचा जेवणाचा डबा घेऊन तिथेच उभी होते. दोन फिटर होते, दुकानाचे शेठ होते.

ह्यांनी रंधा हातात घेतला आणि त्यांचा चेहराच उतरला. एका बाजूचं लोखंड पॉलिशपेपरने घासून गुळगुळीत केलं होतं. उजेडाकडे तिरका धरला तर शेवटच्या 'न'ची शेपटी तेवढी उरलेली. ती शेपटी ह्यांचीच. असा 'न' दुसरं कुणी काढत नाही.

"कुणाचा आहे हा?"

"दुकानदार म्हणाला, मालकाने स्वतः आणून दिला. फक्त नाव सांगू नको म्हणालाय."

"आणि तुला पटलं ते?"

"पप्पा, मी चालवून बघितला. नंबराची पट्टीही आहे. ऐका तरी."

ऐकतोय कोण! ह्यांनी फोन काढला आणि व्हॅलेरियनला लावला. व्हॅलेरियन म्हणजे वसई गावाकडचा सुतार, चर्चची दारं, बाक करणारा, ह्यांचा जुना स्नेही. त्याच्या सगळ्या हत्यारांवर ह्यांनीच नाव घातलेलं, शेवटी तोच 'न'. मशीनच्या आवाजाने ह्यांचा एक कान गेलाय, त्यामुळे फोन कायम स्पीकरवर.

"व्हॅलेरियन, तुझा रंधा चोरीला गेलाय का रे?"

  तो म्हणाला, "हो, दिनानाथभाऊ. साइटवरून गेला."

सगळ्यांनी ऐकलं. हे फोन बंद करून ओरडले. "माझ्या पोटचा पोरगा चोरीचा माल घेऊन माझ्यापुढे उभा राहतो? चालता हो इथून! तोंड दाखवू नकोस!" मी म्हणतेय, अहो, जरा दमाने घ्या, पण माझं कधी ऐकलंय ह्यांनी! सिद्धेशने एकदा माझ्याकडे बघितलं, रंधा पायरीवर तसाच सोडला आणि गेला.

असल्या बातमीला पाय फुटतात. फिटरांनी साइटवर सांगितलं, साइटवरून जूचंद्रला पोचलं, दारांचं काम दुसऱ्याला दिलं. पोरगा नाक्यावर उभा राहिला की लोक आपापल्या पिशव्या जवळ ओढायचे. माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी ते. शेवटी तो वापीला निघून गेला, फर्निचरच्या कारखान्यात, पुन्हा दुसऱ्याच्या हाताखाली. फोन करायचा तो मला. "पप्पा कसे आहेत" एवढंही विचारत नव्हता.

तो गेला त्याच्या पुढच्या रविवारी हे रंधा परत करायला व्हॅलेरियनकडे निघाले. मीही निघाले, बरोबर. वाडीतल्या घराच्या ओट्यावर व्हॅलेरियन एकटाच बसला होता, बायको चर्चला गेलेली. आम्हाला बघून तो गडबडीने उठला. ह्यांनी रंधा पुढे केला. त्याने हात पुढे केले आणि बाई गं, ते हात! दोन्ही हात लटलट कापत होते. रंधा त्याला पेलेचना. खाली पडायचा, तर ह्यांनीच सावरला.

"कंपवात म्हणतात डॉक्टर," व्हॅलेरियन म्हणाला. घरात वसईचे ख्रिस्ती लोक आपल्या बोलीत बोलतात, आमच्याशी मात्र आमच्यासारखं. "चोरीला नाही गेला, भाऊ. मीच विकला. आता काय करू त्याचं?"

"अरे, मग नाव कशाला घासलंस?"

"नाव दिसत होतं तोवर हातातून सुटेना."

असला राग आला मला! "आणि फोनवर काय म्हणालात हो? माझ्या पोराला चोर करून ठेवलंत!"

त्याने ते कापणारे हात जोडले. "वहिनी, तुमच्या पोराने घेतलाय हे मला काय ठाऊक? विकला म्हटलं असतं तर भाऊंनी विचारलं असतं, का विकला. तोंडातून निघून गेलं." पुढे म्हणाला, चर्चच्या नव्या बाकांचं काम त्याच्याकडे आहे, माणसं लावून करून घेतोय. रंधा विकला एवढं जरी बाहेर पडलं तरी हाताचं कळेल आणि हे शेवटचं कामही जाईल. नाताळपर्यंत कुणाला सांगू नका. आणि आमच्या ह्यांनी, माझ्याकडे मान न वळवता, शब्द दिला. नाही सांगणार!

रिक्षात मी काय काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. घरी आल्यावर ह्यांनी सिद्धेशला फोन लावला.  "चुकलं रे माझं. रंधा चोरीचा नव्हता."

"मला माहीत होतं ते, पप्पा. जिथे बोललात तिथे जाऊन सांगा."

"ते जमणार नाही. शब्द दिलाय मी."

"मग राहू दे." फोन बंद. हे भिंतीकडे तोंड करून झोपले, जेवले नाहीत. मला दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदम.

मी बरेच दिवस गिळलं. हे पायरीवर जायचे, नावं घालायचे, घरी यायचे. एकदा मी डबा घेऊन गेले, तर त्या दोघांतलाच एक फिटर नव्या गिऱ्हाइकाला सांगत होता, "मशीन घ्यायचं तर काकांना दाखवून घे. असा सच्चा माणूस नाही. स्वतःच्या पोरालासुद्धा सोडलं नाही त्यांनी." आणि हे मान खाली घालून नाव घालत होते! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, शब्द ह्यांनी दिलाय, मी नाही. तिथेच उभी राहून सगळं सांगितलं. व्हॅलेरियनचे हात, त्याने विकलेला रंधा, फोनवरचं खोटं, सगळं. माझ्या सिद्धेशने चोरीचा माल घेतलेला नाही, ऐकलंत ना? घरोघर सांगा आता, तेव्हा सांगितलंत तसं! ह्यांनी मशीन बंद केलं, पण माझ्याकडे बघितलं नाही.

बाकांचं काम गेलं व्हॅलेरियनचं. त्याची बायको मला बाजारात दिसली, तिने रस्ता बदलला. वाईट वाटतं हो. तो बिचारा आजारी माणूस, त्याचं भलं मी नाही केलं. पण मी आई आहे, मी तरी काय करायचं होतं?

त्या दिवशी पायरीवरून उतरल्या उतरल्या मी सिद्धेशला फोन केला. म्हटलं, सगळ्यांना सांगून टाकलं रे बाबा, ये आता घरी.

"पप्पांनी सांगितलं?" त्याने विचारलं. त्याचा आवाज किती दिवसांनी तसा लहानपणीसारखा आला.

"नाही रे. मी सांगितलं."

"बरं," तो म्हणाला. "ठेवतो, आई. काम आहे."