काळ्या मेंदीची पुडी

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर मी केसांना काळी मेंदी लावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आरशात माझी मलाच ओळख पटेना. कपाळ फुगलेलं, डोळ्यांच्या नुसत्या फटी उरलेल्या, कान लालभडक. खाज तर अशी की हातमोजे घालून बसावं लागलं. पुडीवर हिरवंगार पान होतं, पानावर दवाचा थेंब होता आणि खाली 'शंभर टक्के नैसर्गिक' असं लिहिलं होतं. तेवढं वाचूनच तर मी ती घेतली होती.

डॉक्टरांनी गोळ्या आणि मलम दिलं. घरी येऊन मी अकोल्याला नणंदेला फोन लावला. माझ्या नणंदबाई जन्मभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून नुकत्याच निवृत्त झालेल्या. आम्ही एकाच वयाच्या, पण मी त्यांना ताई म्हणते आणि त्या मला वैनी.

"पुडी कुठी हाये?" त्यांनी पहिलं हेच विचारलं.

"फेकून राहिली न आता."

"फेकू नका! मागची बारीक अक्षरं वाचा मले."

चष्म्यानं ती अक्षरं दिसेनात. मग फोटो काढला, बोटांनी मोठा केला आणि पहिलीतल्या पोरासारखी एकेक अक्षर जोडत गेले. पॅरा... फेनिलीन... डाय... तिथंच ताईंनी मला थांबवलं.

"वैनी, मेंदीचा रंग कोणता असते?"

"लाल. जास्तीत जास्त तांबडा."

"मंग हे काळी कशी काय झाली?"

अठ्ठावन्न वर्षं झाली मला. इतक्या लग्नांत हात रंगवले, पण हा प्रश्न कधी डोक्यात आला नव्हता. मेंदीला काळं करणारं ते लांबलचक नाव म्हणजे केसांचा रासायनिक रंगच होता, आणि काहींच्या कातडीला तो असा सोसत नाही.

चौथ्या दिवशी ताई स्वतःच अमरावतीला हजर. पर्समध्ये भिंग. माझी सूज उतरली होती, पण चेहरा अजून ठिपक्याठिपक्यांचा होता. त्यांनी माझी हनुवटी धरून मला उजेडात फिरवलं, "बाप्पा!" म्हणाल्या आणि थेट न्हाणीघरात शिरल्या. घरातल्या सगळ्या बाटल्या, डब्या, नळ्या बादलीत भरून आणल्या. आम्ही दोघी जमिनीवर फतकल मारून बसलो.

"ध्यानात ठेवा. जे पयले लिवलं थे सगळ्यात जास्त असते. मंग कमी कमी होत जाते."

एका बाटलीवर कोरफडीचं एवढं मोठं चित्र होतं की बाकी काही छापायला जागा नव्हती. मागे कोरफडीचं नाव शोधता शोधता आमची दमछाक झाली. सापडलं तेव्हा ते सुगंधाच्याही खाली होतं. ताई म्हणाल्या, "कोरफडीच्या कुंडीजवळून बाटली नेली असंन फक्त." तिथून जे हसू सुटलं ते आठवडाभर थांबलं नाही. कडुनिंबाचं, तिळाचं, खोबऱ्याचं शास्त्रीय नाव काय ते पाठ झालं. पाण्याला ही मंडळी 'अ‍ॅक्वा' म्हणतात हे कळल्यावर तर कहरच झाला. जेवताना यांनी पाणी मागितलं की मी विचारायची, "अ‍ॅक्वा देऊ का?" आणि ताईंना ठसका लागायचा. हे बिचारे बहिणीकडे आणि बायकोकडे आळीपाळीनं बघत राहायचे.

मग आम्ही भिंग घेऊन आमच्या नेहमीच्या जनरल स्टोअरमध्ये गेलो. दुकानदार चाचा मला पंचवीस वर्षं ओळखतात, मोठी बहीण मानून 'बाजी' म्हणतात. अर्धा तास आम्हाला एकेक बाटली उलटी करताना पाहून ते म्हणाले, "बाजी, इम्तिहान है क्या?" ताईंनी कारण सांगितलं. चाचांनी गल्ल्यामागून हळूच दाढीला लावायच्या बदाम तेलाची स्वतःची बाटली काढली. "हे बी पाहून द्या ना जरा."

ताईंनी भिंग लावलं. "बदाम हाये, चाचा. पण सातव्या नंबरवर. पयले पॅराफिन हाये."

"मतलब?"

"मंजे खनिज तेल. नुकसान काही नाई. पण बदाम म्हनून लावून राहिले तं थे बदाम नाई."

चाचा दाढीवर हात फिरवत इतके हसले की समोरचा पानवाला उठून आला.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं. पण आमच्या डोक्यात हवा गेली. आपणच करू की! रिठे, शिकेकाई, आवळा आणले, रात्रभर भिजवले, उकळले, गाळले. शीतपेयांच्या रिकाम्या बाटल्या धुऊन त्यांत भरले. बाहेरचा एक थेंबही नाही. अकोल्याला ताईंच्या महिला मंडळात ते दाखवायचं ठरलं. तोवर तीन दिवस बाटल्या ओट्यावर उभ्या होत्या, आणि ऊन असं की नळाचं पाणीसुद्धा चटके देत होतं.

बसमध्ये बडनेरा मागे पडल्यावर माझ्या पायाशी पिशवीतून 'फुस्स' असा आवाज आला. बाटली काढून पाहिली तर फुगून दगडासारखी टणक झालेली. हवा थोडी सोडावी म्हणून मी झाकण फिरवलं. अर्धाच आटा फिरला असेल, झाकण उडालं आणि तपकिरी फेसाचा फवारा सरळ बसच्या छतावर गेला. तिथून खाली आला तो पुढच्या सीटवरच्या काकाजींच्या डोक्यावर. आंबूस वास सुटला. कंडक्टर धावत आला, "काय हाय थे? काय फोडलं?"

"शाम्पू!" आम्ही दोघी एकदम ओरडलो.

काकाजींनी टोपी काढली, वास घेतला, केस चोळून पाहिले. "फेस तं मस्त येऊन राहिला. पानी असंन तं द्या, मूर्तिजापूरपर्यंत डोकं धुऊन होते माहं." अख्खी बस हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं आणि पोट दुखेपर्यंत हसूही येत होतं. ताई पदरानं काकाजींचा सदरा पुसत माफी मागत होत्या आणि मध्येच फिसकन हसत होत्या.

"तीस वर्सं पोरायले शिकवलं," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "अन् साधं आंबते हे मले सुचलं नाई, वैनी. टिकवाले कायतरी टाकतेत थे काहून टाकतेत, कळलं आज."

मंडळात वीसेक बायका वाट पाहत होत्या. मला वाटलं, ताई उरलेल्या बाटल्या लपवतील. त्यांनी त्या टेबलावर ठेवल्या आणि सरळ सांगितलं, "हे आमी बनवलं. शंभर टक्के नैसर्गिक. अन् हे सडलं." हशा ओसरल्यावर त्यांनी माझी मेंदीची पुडी काढली. फळ्यावर ते लांबलचक नाव लिहिलं आणि प्रत्येकीला आपापल्या पर्समधलं काय असेल ते बाहेर काढायला लावलं. भिंग हातोहात फिरू लागलं. नुसता गलका झाला. एक जण ओरडली, "माह्या गुलाबपान्यात गुलाबच नाई वो!"

तेवढ्यात मागच्या खुर्चीवरच्या एक बाई उठल्या. कपाळाच्या कडेला केसांलगत काळपट, सोललेली कातडी. हातात केसांच्या रंगाचं पाकीट होतं. फळ्याकडे बघत, पाकिटाकडे बघत त्यांनी एकेक अक्षर जुळवलं.

"दोन वर्सं झाले," त्या म्हणाल्या, "मले वाटे घामोळ्या हायेत."

ताई त्यांच्याजवळ गेल्या, कपाळ नीट पाहिलं. "रंग बंद करा अन् उद्याच त्वचेच्या डॉक्टरले दाखवा. पाकीट संग न्या."

दिवाळीनंतर मी अकोल्याला गेले तेव्हा त्या बाई ताईंकडे चहाला आल्या होत्या. कपाळ स्वच्छ. आखूड केस मुळापासून अर्ध्यापर्यंत पांढरेशुभ्र, खाली जुना काळा रंग. "अर्धी म्हातारी, अर्धी जवान," त्या स्वतःच म्हणाल्या आणि खळखळून हसल्या.