सोमवारबाई

आमच्या विद्यापीठात पदवीच्या मुलांना सल्ला देणाऱ्या एक बाई आहेत. मुलं त्यांना पाठीमागे ‘सोमवारबाई’ म्हणतात. का ते सांगतो, पण आधी माझी तक्रार ऐका.

त्यांच्या शेजारच्या खिडकीत मी कारकून. सगळे फॉर्म माझ्याच हातून जातात. पूर्वी शिक्षण सोडायचं असेल तर फॉर्म माझ्याकडून न्यायचा, बाईंची सही घ्यायची आणि मला परत द्यायचा. साधं काम. पण बाई एका दमात सही करतील तर शपथ! फॉर्म चष्म्याजवळ धरायचा आणि म्हणायचं, “अगं, हा तर जुना फॉर्म. सोमवारी नवा घेऊन ये.”

मग ती पोरगी माझ्या डोक्याला ताप. नवा कुठून आणू? अठरा वर्षं हा एकच फॉर्म आहे. एकदा तावातावानं भांडायलाच गेलो.

बाई शांतपणे म्हणाल्या, “निम्मी मुलं सोमवारी येतच नाहीत. जी येतात, त्यांना बसवून विचारता येतं. जेवतोस का, झोपतोस का, कुठला विषय डोक्यावरून जातोय.”

विचारून झालं की त्या एखादा जड विषय पुढच्या सत्रात ढकलायच्या, एखाद्या प्राध्यापकाला फोन करायच्या. मूल टिकायचं. पुढे मीही न लाजता सांगायला लागलो, “नवे फॉर्म संपलेत. सोमवारी बघू.”

टिकलेली मुलं पदवी घेऊन जायची ती जायचीच. गरज सरो, वैद्य मरो. मला राग यायचा, बाईंना कधी आलेला पाहिला नाही. यजमान गेल्यापासून त्या घरी एकट्या. लेक लांब, तिचा रविवारी फोन, तोही पाच मिनिटांचा. सोमवारी बाई सगळ्यांच्या आधी येऊन दार उघडायच्या.

गेल्या वर्षी विषय निवडणं, शिक्षण सोडण्याचा अर्ज, सगळं संगणकावर गेलं. दारासमोरचा बाक ओस पडला. एका शुक्रवारी बाईंनी माझ्या खिडकीतून एक फॉर्म आत सरकवला. मुदतीआधी निवृत्तीचा.

“काय हे, बाई?”

“कोणी येत नाही हो. परवा एक मुलगा नुसता जिना कुठे आहे विचारायला आला, तर मी त्याच्यापुढे खुर्ची ओढली. माझी मलाच लाज वाटली.”

मी फॉर्म डोळ्यांजवळ धरला. मला चष्मा नाही, तरी धरला.

“बाई, हा तर जुना फॉर्म. सोमवारी नवा घेऊन या.”

त्या हसल्या नाहीत. त्यांनी खिडकीची कड धरली.

“आणि सोमवारी आले, तर मला बसवून विचाराल? जेवते का, झोपते का?”

“विचारीन. डबा घेऊनच या,” मी म्हणालो. आणि अठरा वर्षांत जे कधी बोललो नव्हतो, ते तोंडून निघून गेलं, “मीही एकटाच जेवतो.”

तो फॉर्म माझ्या खणात आहे. नवा अजून आलेला नाही.