अलकाबाईंची मटकी

आमच्या अलकाबाईंना रिकामा हात बघवत नाही. वाढदिवसाची चॉकलेटं शेवटच्या रांगेपर्यंत पुरली नाहीत, तर त्या पर्समधून स्वतःची काढून देतात. मूळच्या केळव्याच्या. लग्न होऊन सिल्वासात आल्या आणि इथल्या मराठी शाळेत दुसरीला शिकवता शिकवता त्यांचे केस पिकले. मी शेजारी तिसरीला शिकवते. मधली भिंत पातळ, त्यामुळे त्यांचे धडे मलाही पाठ आहेत.

हल्ली लहानांची लेखी परीक्षा नसते. मुलांनी हाताने काहीतरी करायचं आणि त्यातून काय शिकली ते तपासणीच्या साहेबांनी येऊन, सतरंजीवर मांडी घालून विचारायचं. कल्पना उत्तम आहे. साहेबांना मांडी घालता येत नाही, एवढीच अडचण.

यंदा बाईंनी प्रत्येकाला कागदी कप, माती आणि मटकीचे दाणे दिले. "पेरा, पाणी घाला, रोज बघा," म्हणाल्या. त्यांचा जीव अडकला होता गुड्डीत. गुड्डीचे वडील नवनाथ धुळ्याकडचे, जवळच्या सायली गावातल्या कारखान्यात कामाला. पोरीने वर्गात आल्यापासून हूं की चूं केलं नव्हतं. "साहेबांसमोर एक वाक्य बोलली ना, तरी माझं वर्ष सार्थकी लागलं," असं बाई डबा खाताना म्हणायच्या.

पण साहेब येणार हे मटकीला कुठे ठाऊक? कुणी इतकं पाणी ओतलं की दाणे कुजले. कुणी रोज उकरून बघितलं. गुड्डीचा कप तर ठणठणीत कोरडा. म्हणून आदल्या संध्याकाळी बाई घरच्या गॅलरीत वाढवलेली रोपं घेऊन आल्या आणि प्रत्येक रिकाम्या कपात एकेक खोचून गेल्या.

"पोरं हिरमुसतात गं," मला म्हणाल्या.

"हिरमुसू देत की!" मी म्हटलं, तर माझ्यावरच डाफरल्या.

दुसऱ्या दिवशी मधुकर साहेब आले आणि खुर्चीवर बसले. "बी उगवायला काय काय लागतं?" वर्गाने माती, पाणी, ऊन असं एका सुरात म्हणून दाखवलं. साहेब खूश. तेवढ्यात गुड्डीचा हात वर गेला. बाई दोन पावलं पुढे आल्या.

"पाणी नई लागत," गुड्डी म्हणाली.

"असं कसं?"

"मी टाकलंच नई. आमच्या रूमवर कधी पाणी येतं, कधी नई. पाणी प्यायाचं ऱ्हातं. बाटलीतलं सगळं मी पिऊन घेतलं. तरी उगलं, बघा ना." आणि तिने कप पुढे केला. त्यात हिरवंगार रोप होतं.

वर्ग हसला. साहेबांनी बाईंकडे पाहिलं, बाईंनी खिडकीबाहेर. साहेबांनी गुड्डीच्या नावापुढे शेरा मारला: निरीक्षणशक्ती कमी. कपात डोकावून उत्तर देणारी अख्ख्या वर्गात ती एकटीच होती, पण शेऱ्याला त्याचं काय! बाईंना मात्र आदर्श कृतियुक्त अध्यापनाची शाल मिळाली.

ती शाल पांघरून नव्हे, समोर ठेवून बाई स्टाफरूममध्ये रडल्या. "पोरगी पहिल्यांदा तोंड उघडून बोलली आणि मी गप्प बसले."

"मग आता सांगा तिला," मी म्हटलं. मला भयंकर राग आला होता, आणि त्यांची कीवही येत होती.

सांगणं बाईंच्या जिवावर आलं. त्यांनी दुसरा मार्ग काढला: पुन्हा पेरायचं, आणि या वेळी संध्याकाळी शाळेत फिरकायचं नाही. पोरगी आपल्या डोळ्यांनी बघेल आणि शिकेल, असा त्यांचा हिशेब. गुड्डीने याही वेळी पाणी घातलं नाही. का घालावं? तिने तर करून बघितलं होतं.

आठवड्याने बऱ्याच कपांत कोंब आले. गुड्डीच्या कपात नुसती माती. बाई तिच्याजवळ सतरंजीवर बसल्या आणि हलकेच विचारलं, "गुड्डी, तुझं का गं नाही उगवलं?" त्यांना फक्त 'पाणी' एवढाच शब्द ऐकायचा होता.

गुड्डीने कपात नीट पाहिलं. मग बाईंकडे पाहिलं, जणू त्यांचीच समजूत घालायची होती.

"आता साहेब नई येणार ना, बाई."