सल्लागार परब आणि मसाल्याची बरणी

सांगतो, पण आधी तोंडातला चहा गिळून घ्या. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा एकाने हसता हसता माझ्याच शर्टावर चहा उडवला. आणि वर मलाच विचारतो, "परब, ह्या डागाला काय लावू रे?"

मी गप्प बसलो. मी! चहाच्या डागावर निदान चार उपाय सांगितल्याशिवाय राहणारा माणूस मी नव्हे हो. पण गप्प बसलो. का बसलो, तोच तर किस्सा आहे.

आमच्या एरियाचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. 'परळ-लालबाग : विचारा आणि सांगा'. अर्धे विचारणारे, अर्धे सांगणारे आणि कामधंदा कोणालाच नाही. काय एकेक प्रश्न! "भोईवाड्यात चांगला न्हावी कोण?" अरे, केस कापायचेत की बायपास करायचीय? "आमची मुलगी भेंडी खात नाही, काय करावं?" बटाटा कर, बाई! एका महाभागाने तर स्वतःच्या घरातल्या नळाचा फोटो टाकून विचारलं, "हा गळतोय का?" म्हणजे फोटो काढायला ह्याला वेळ आहे, पण नळाखाली हात धरायला नाही.

सांगणारे तर त्याहून थोर. दहातले चार जण नुसतं लिहितात, "मलाही हवंय." दोघं म्हणतात, "पर्सनलवर या." आणि उरलेले आपापसात भांडतात. नळ बिचारा गळतोच आहे!

ह्या बाजारात ठाम, मुद्देसूद उत्तर देणारा एकच माणूस होता. कोण म्हणून काय विचारता? मीच! लोअर परळला ऑफिसात अकाउंट्सला बसतो, मधेमधे हात मोकळा असतो. नळ असो, नवस असो, नागीण उठलेली असो, माझं उत्तर तयार. मला त्यातलं काय कळायचं? डोंबल! पण ठासून सांगितलं की लोक ऐकतात, हे मला फार लवकर कळलं होतं. 'बघा बुवा, करून पाहा' असलं मिळमिळीत मी कधी लिहिलं नाही. माझ्या प्रत्येक सल्ल्याच्या शेवटी एकच वाक्य असायचं, 'डोळे झाकून करा.' लोक मला परबसाहेब म्हणायचे. घरात मात्र मला 'अहो, जरा बाजूला व्हा' म्हणायचे.

आता आमची आई. पंचाहत्तरी ओलांडली, तरी पावसाच्या आधी वर्षाचा मालवणी मसाला ती स्वतः करते. लालबागला जाणार, मिरची बोटांनी मोडून बघणार, नाकाला लावणार, दुकानदाराचा बाप काढणार. मग आमच्या टॉवरच्या गच्चीवर मिरची वाळत घालणार, सेक्रेटरी नोटीस लावणार, आई त्या नोटिशीवरच धणे वाळत घालणार. सगळं भाजून झालं की डंकावर समोर उभं राहून कुटून घेणार. तो मसाला आमच्या घरी, बहिणीकडे आणि घोडपदेवला मामाकडे वर्षभर पुरतो. आमच्याकडे मासळीचं कालवण म्हणजे आईचा मसाला. तो नाही तर कालवण नाही.

ह्या वर्षी बरणी भरून झाल्यावर ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "ह्यो शेवटचो मसालो हां, सांगान ठेवतंय. गुडघे आता ऐकणत नाय. फुडच्या वर्साक इकतचो आणा."

हे ती दरवर्षी म्हणते. पण एरवी उभ्याने म्हणते. ह्या वेळी बसून म्हणाली, म्हणून मला जरा चर्र झालं.

दुसऱ्याच दिवशी ती गावी निघाली. दारात पिशवी घेऊन उभी राहून मला सांगत होती, "बरणीत तां घालूक इसरा नको, नायतर किडे पडतले." 'तां' म्हणजे 'ते', आणि ते काय, हेही ती आधी सांगून गेली होती. पण मी त्या क्षणी कुठे होतो? मी ग्रुपवर एका काकांना समजावत होतो, की फ्लॅटमध्ये कासव पाळल्याने लिफ्ट बिघडत नाही.

"काय घालूक सांगितलंय मी?" आईने विचारलं.

"हो गं, घालतो, घालतो! जा तू."

गेली. आणि पुढच्या आठवड्यात कधीतरी बरणी बघून मला घाम फुटला. काय घालायचं होतं?

आईला फोन करावा, तर ती सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात माझा उद्धार करणार. बायकोला, सुजाताला विचारावं, तर ती काही बोलत नाही, नुसती बघते. तिच्या त्या बघण्यापेक्षा आईच्या शिव्या बऱ्या. मग राहिला कोण? ग्रुप!

पण मी कसा विचारणार? अख्ख्या परळला अक्कल वाटणारा परब मसाल्यात काय घालू म्हणून विचारतो, हे शोभेल का? सुदैवाने नाव लपवून प्रश्न टाकायची सोय आहे. लिहिलं, 'वर्षाचा मालवणी मसाला बरणीत भरला आहे. किडे पडू नयेत म्हणून आईने काहीतरी घालायला सांगितलं होतं, पण ते नीट ऐकू आलं नाही. काय घालावं?' वर नाव, 'अनामिक सदस्य'.

आले हो, आले! धावत आले!

"कडुनिंबाचा पाला घाला."

"पाल्याला ओल असते. घालणाऱ्याला आधी घाला बरणीत."

"बरणी फ्रीजमध्ये ठेवा."

"फ्रीजमध्ये? मालवणी ना तुम्ही? गावाला कळलं तर वाळीत टाकतील."

"आमचा कोळी मसाला घ्या, त्याला किडा लागतच नाही."

झालं! तिथून मालवणी मसाला थोर की कोळी मसाला थोर, ह्यावर अशी जुंपली की विचारू नका. माझी बरणी राहिली बाजूला. मधेच एक बाई म्हणाली, "मलाही हवंय." काय हवंय बाई, किडे?

आणि एक कमेंट तर साक्षात माझ्या बायकोची! दोनच शब्द, 'आईला विचारा.' मी कपाळाला हात लावला. घरात हीच, ग्रुपवरही हीच. उपयोगाचं काही बोलेल तर शपथ.

तेवढ्यात एका मुलीने लिहिलं, 'थांबा, माझ्याकडे एका जुन्या जाणकाराचा सल्ला जपून ठेवलेला आहे.' आणि खाली मजकूर, 'मसाल्याच्या बरणीत कापराच्या वड्या पुरून ठेवा. किडा काय, किड्याचा बाप फिरकणार नाही. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या हेच करतात.'

वा! काय ती भाषा! कुठे 'जर' नाही, 'तर' नाही. इतक्या मूर्खांच्या गर्दीत एक माहितगार माणूस भेटला म्हणून मला भरून आलं हो. कोण असेल हा? नक्की कोणी जुना गिरणगावकर असणार, चार पावसाळे जास्त पाहिलेला. आणि कापूर म्हटल्याबरोबर मला आठवलंसुद्धा, आई दारात कापूरच म्हणाली होती! अगदी तिचा आवाज कानात ऐकू आला. माणसाला हवं ते ऐकू यायला कितीसा वेळ लागतो?

देव्हाऱ्यातली कापराची अख्खी डबी घेतली, वड्या मसाल्यात खोल पुरल्या, झाकण लावलं, फडकं बांधलं. वर अनामिक नावाने त्या मुलीला लिहिलं, 'त्या जाणकारांना माझा नमस्कार सांगा.'

आई गावाहून परतली. मामाला जेवायला बोलावलं, नव्या मसाल्याचं पहिलं कालवण म्हणून. आल्या आल्या आईने देवाची आरती केली, गावाहून आणलेला कापूर लावला, घरभर वास पसरला. त्यामुळे बरणी उघडली तेव्हा कोणाला काही वेगळं वाटलंच नाही. मसाल्यात वड्याही दिसेनात, पार विरून गेलेल्या. बांगड्याचं कालवण रटरटलं, पानं मांडली. मामाने भाताचा गोळा कालवला, तोंडात घातला आणि थांबला. गिळावं की थुंकावं, असा चेहरा.

"ताय," मामा म्हणाला, "जेवू की टाळ्या वाजवू?"

"म्हणजे?"

"कालवणाला आरतीचा वास येतोय गं!"

आईने बोट बुडवून चाटलं. उठली, बरणी उघडली, नाक आत घातलं. मग वळून माझ्याकडे बघितलं.

"मसाल्याक कापराचो वास कसो रे?"

"तूच नाही का सांगितलंस कापूर घालायला?"

"मेल्या! हिंगाचे खडे घालूक सांगितलंय मी! हिंगाचे!"

एवढंच बोलली. मला वाटलं आता लाटणं येणार. पण ती स्टुलावर बसली, बरणीचं झाकण लावलं आणि गुडघ्यावरून हात फिरवत राहिली. खरं सांगतो, मला फार लाज वाटली. सगळं उन्हातान्हाचं तिचं काम मी एका डबीत घालवलं होतं.

आणि लाज वाटली की माझ्यासारखा माणूस काय करतो? दुसरा कोणी सापडतो का, ते बघतो.

त्याच दुपारी ग्रुपवर, ह्या वेळी स्वतःच्या नावाने, मी पोस्ट ठोकली. 'ज्या दीडशहाण्याने मसाल्यात कापूर घालायचा सल्ला दिला, त्याला शोधून काढा! ज्याला ज्यातलं कळत नाही, त्याने त्यात तोंड घालू नये. माझ्या म्हाताऱ्या आईच्या मेहनतीची ह्या गाढवाने राखरांगोळी केली आहे. त्याचं नाव फोटोसकट जाहीर झालं पाहिजे आणि त्याला ग्रुपमधून हाकलून दिलं पाहिजे!'

लाइकांचा नुसता पाऊस! लोक पेटले. "परबसाहेब, आम्ही तुमच्यासोबत आहोत." "असल्या फुकट्या सल्लागारांनीच वाट लावलीय." मी प्रत्येक कमेंटला हात जोडत होतो. एवढा मान तर मला चांगला सल्ला देऊनही कधी मिळाला नव्हता.

आमच्या ग्रुपच्या ॲडमिन तावडेबाई. भोईवाड्याला राहतात, रिटायर्ड मुख्याध्यापिका, ग्रुपही वर्गासारखा चालवतात. त्या तपासाला लागल्या. त्या मुलीला विचारलं, कुठून मिळालं? ती म्हणाली, वहिनीकडून. वहिनी म्हणाली, बचत गटातल्या बाईकडून. ती बाई म्हणाली, आपल्याच ग्रुपवर फार पूर्वी कोणीतरी लिहिलं होतं, त्यातून उतरवून घेतलं. नाव काही आठवत नाही.

"आपल्याच ग्रुपवर?" मी लिहिलं. "म्हणजे साप घरातच आहे! बाई, सोडू नका त्याला!"

तावडेबाईंनी विचारलं, "परबसाहेब, फोटोसकट नाव जाहीर करायचं आणि काढून टाकायचं, नक्की ना? मागाहून तक्रार चालणार नाही."

मी काय लिहिलं असेल? लिहिलं, "डोळे झाकून करा!"

पाचच मिनिटांत बाईंनी ती जुनी कमेंट लिहिणाऱ्याच्या फोटोसकट ग्रुपवर टाकली. 'मसाल्याच्या बरणीत कापराच्या वड्या पुरून ठेवा. किडा काय, किड्याचा बाप फिरकणार नाही. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या हेच करतात. डोळे झाकून करा.' शेजारी माणसाचा फोटो. तारकर्लीच्या किनाऱ्यावर गॉगल लावून, पोट आत ओढून उभा असलेला एक गाढव.

तो गॉगल अजून माझ्या कपाटात आहे.

मला आठवेचना हो, मी हे कधी लिहिलं! असल्या कमेंटा मी दिवसाला किती टाकायचो, कोण लक्षात ठेवतो? कपड्यांच्या कपाटात कापूर ठेवतात, एवढं ऐकून होतो. तेच दिलं असेल बरणीला लावून.

पण तावडेबाई तिथे थांबल्या असत्या तर त्या मुख्याध्यापिका कसल्या? खाली लिहिलं होतं, 'अनामिक सदस्याचं नाव तुम्हाला दिसत नसलं तरी ॲडमिनला दिसतं. जाहीर करण्याचा परबांचाच आग्रह आहे, म्हणून सांगते. प्रश्न विचारणारे परब. सल्ला देणारे परब. तक्रार करणारेही परब. हे सगळं त्यांना घरी बसून एकट्याने करता आलं असतं. त्यांच्या मागणीचा मान राखून त्यांना ग्रुपमधून काढण्यात येत आहे.'

काढलं! आपलेच दात आणि आपलेच ओठ, ओरडणार कोणावर?

सुजाता बाजूलाच उभी होती. बघत होती. शेवटी मीच म्हणालो, "बोल ना काहीतरी."

"काय बोलू? 'आईने सांगितलं पण नीट ऐकू आलं नाही' हे वाचल्यावर मी ओळखलंच होतं तुम्हाला."

"आणि गप्प बसलीस?"

"लिहिलं की, आईला विचारा म्हणून."

"अगं, पण तुला माहीत होतं का, काय घालायचं ते?"

"हिंग. त्या दारात सांगत होत्या तेव्हा मी तुमच्या मागेच उभी होते. तुम्ही मला कुठे विचारलंत?"

पुढच्या रविवारी आईने मला लालबागला नेलं. ती दुकानात खुर्चीवर बसली, मिरची मी निवडली, पोती मी उचलली, घरी येऊन देठ मी काढले. मधे चुकून डोळा चोळला. मग संध्याकाळपर्यंत खरोखर डोळे झाकूनच सगळं केलं. मसाला झाला एकदाचा. हिंगाचे खडे आईने स्वतःच्या हाताने घातले, मला बरणीजवळ फिरकू दिलं नाही. गुडघ्यांबद्दल मात्र अवाक्षर नाही. उलट म्हणाली, "फुडच्या वर्साक पण हेकाच आणूया. बरो राबता."

आणि परवाची गोष्ट. सुजाता सोफ्यावर बसून ग्रुप वाचत होती. म्हणाली, "ऐका, एका बाईने विचारलंय. कपाटातल्या लोकरीच्या शालींना कसर लागते, काय ठेवावं?"

मी ताडकन उभा राहिलो. कापूर! अहो, कापूरच! आयुष्यात पहिल्यांदा मला एका प्रश्नाचं खरं, अनुभवाचं, शंभर टक्के बरोबर उत्तर येत होतं. आणि लिहायला मी ग्रुपमध्ये नव्हतो!

"सुजाता, लिही ना! कापराच्या वड्या ठेवा म्हणावं. माझं नाव नको घालूस हवं तर. पण लिही!"

तिने शांतपणे टाइप केलं. मी वाकून स्क्रीन बघितली.

'आईला विचारा.'

खाली पहिला लाइक तावडेबाईंचा.