खळ्यांचा माळ आणि वायरलेसचा खांब

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला एक माळ आहे. पूर्वी सगळ्या गावाची खळी तिथे असायची. आता मळणीयंत्रं आली आणि खळी गेली. मी सांगते तो काळ मोठा दुष्काळ सरून दोन-चार वर्षं झाली होती तेव्हाचा. तेव्हा आमचा वसमत तालुका परभणी जिल्ह्यात होता. ज्वारी माळावर मळायची, तिथेच उपणायची आणि मग पोती घरी न्यायची. त्या माळावर कुणी काही बांधायचं नाही, असा ग्रामपंचायतीचा ठराव होता. गोठा नाही, झोपडं नाही, देऊळसुद्धा नाही. कारण सरळ होतं. उपणायला वारं लागतं आणि ते पश्चिमेकडून माळावर येतं. मध्ये भिंत उभी राहिली की तिच्यामागचं खळं मेलं.

आमची बौद्धांची वस्ती खाली, नदीला लागून. नदीवर वर धरण होतं. पावसाळ्यात पाणी सोडायच्या आधी निरोप यायचा तो वायरलेसवर. नदीकाठी एक खोली होती, तिच्याशेजारी लोखंडी खांब आणि आत यंत्र घेऊन बसलेला एक माणूस. त्याला सगळे वायरलेसवालाच म्हणायचे. निरोप आला की तो दारात टांगलेला रुळाचा तुकडा बडवायचा. मग आम्ही लेकरं, शेळ्या, पीठ-मीठ घेऊन वर निघायचो. पाणी कधी दारापर्यंत यायचं, कधी यायचंही नाही. पण कळायचं.

एका पावसाळ्यात काठच खचला आणि खांब नदीत गेला. पुराची खबर देणारा खांब पुराच्या तोंडाशी उभा करणाऱ्याने काय विचार केला होता, ते त्यालाच माहीत. खोलीला तडे गेले, वायरलेसवाला यंत्र घेऊन वसमतला गेला. त्यानंतर पंधरवड्यात पाणी सुटलं. निरोप घेऊन माणूस सायकलवर निघाला होता म्हणतात, पण चिखलात सायकल खांद्यावर घेऊन तो पोचला तेव्हा पाणी आमच्या घरात शिरून बसलं होतं. शेजारची म्हातारी भिंतीखाली गेली. तिच्या लेकाने हाताने माती उपसून तिला काढलं. तो धडधाकट माणूस होता. त्यानंतर कित्येक दिवस त्याला भाकरी मोडता येत नव्हती, बोटांची कातडी गेली होती.

ज्वारीची काढणी झाल्यावर ओव्हरसियर आला. सरकार नवा मनोरा देणार होतं, आधीपेक्षा उंच. जागा मात्र उंचावर पाहिजे होती. तो गावभर फिरला आणि माळावर जाऊन उभा राहिला. म्हणाला, जागा हीच. पश्चिमेच्या कडेला मनोरा आणि त्याला चिकटून पक्की खोली. गावाने ठराव बदलून द्यायचा. नाहीतर मनोरा नदीपलीकडच्या गावाला जाईल.

पलीकडच्या गावात निरोप आला तर पुरातून तो आमच्यापर्यंत कोण आणणार होतं?

माझी सासू म्हणजे माझी सख्खी आत्या. तोंडाने फटकळ. भाची म्हणून केली आणि सून म्हणून राबवली, त्यात तिने कधी हात आखडता घेतला नाही. पण बाई खरी होती. गावात तिच्यासारखं उपणणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. पाटलाचं खळं माळावर सगळ्यात मोठं. ते उपणायला दरवर्षी तिलाच बोलावणं असायचं. पाटील तिला अगं-तुगं करायचे, ती त्यांना तुमी म्हणायची. पुढेही ते तसंच राहिलं, त्यात काही बदललं नाही.

ग्रामसभा चावडीपुढे लिंबाखाली भरली. बाया एका बाजूला बसल्या. मीही कडेवर लेक घेऊन बसले होते. ओव्हरसियर बोलला, सरपंच बोलले, मग पाटील उठले.

"माळावर बांधायचं न्हाई म्हंजे न्हाई. खोली उभी राहिली की माझं खळं गेलं, अन् माझ्यामागची गरिबाची खळी बी गेली. ज्वारी काय फुंकून साफ करायची?"

आत्या जागेवरूनच म्हणाली, "पाटील, एवढीशी खोली ती. तिच्यानं वारं कुठलं अडतंय? बाजूनं निघून जाईल की."

"काहून? तुला उपणता येतं म्हणून वारं तुझं ऐकतं व्हय?"

लोक हसले. आत्या उठून उभी राहिली.

"उपणते म्हणूनच सांगून राहिले. पटत नसंल तर करून पाहा. ओव्हरसियरसाहेब सांगतील तेवढी कडब्याची खोली रचा, तिच्यामागं मी उपणते. वारं अडलं तर मी ह्या सभेत पुन्हा तोंड उघडणार न्हाई."

मागून कुणीतरी म्हणालं, "मंग अडूच दे बाबा!"

पाटील हसले नाहीत. म्हणाले, "कडबा माझ्या गंजीतला घ्या. ज्वारी बी माझी."

दुसऱ्या दिवशी दुपारी माळावर गाव जमलं. ओव्हरसियरने काठीने जागा आखून दिली. आमच्या वस्तीतले बाप्ये आणि पाटलाचे गडी कडब्याच्या पेंढ्या रचायला लागले. माणसाने हात वर केला तर पोचेल एवढी उंच, चारी बाजूंनी बंद खोली झाली. तेवढ्यात एका बैलाने खालची पेंढी ओढली आणि एक कोपरा ढासळला. रचणारा एक जण म्हणाला, "ऱ्हाऊ द्या तसंच, सरकारी खोली हाय." ओव्हरसियरही हसला. कोपरा पुन्हा रचला.

उन्हं कलली तसं वारं आलं. आत्याने लुगड्याचा पदर खोचला, डोक्याला फडकं बांधलं आणि कडब्याच्या मागे पाटलाच्या खळ्यात तिपाईवर चढली. मी खालून पाटी भरून द्यायची, तिने ती वर धरून हलवत ओतायची. वारं नीट असलं म्हणजे दाणे पायाशी सरळ पडतात आणि भुसा लांब उडून जातो. त्या दिवशी तसं झालं नाही. दाण्यासोबत भुसाही खालीच पडला. थोडा माझ्या डोक्यावर, थोडा तिच्या तोंडावर. तिने दुसरी पाटी घेतली, तिसरी घेतली. खाली रास झाली ती अर्धी भुशाची.

मग आमच्या वस्तीतला एक जण म्हणाला, "आज वारंच पडलंय." लगेच दुसरा म्हणाला, "व्हय, मघापासून पडलंय." तिसऱ्याने मान हलवली. ओव्हरसियर आभाळाकडे बघायला लागला, त्याला यातलं काही कळत नव्हतं. सरपंच म्हणाले, "मंग उद्या पाहू?" आम्हाला वाट मिळाली होती. उद्या वारं जोराचं आलं असतं तर चाललंही असतं. माझ्या मनात आलं, आत्या, आता गप उतर.

आत्या उतरली. पाटी घेऊन कडब्याच्या आडोशातून बाहेर गेली, शेजारच्या उघड्या खळ्यात. तिथे तिपाईही नव्हती. जमिनीवर उभी राहून तिने हात उंच करून पाटी ओतली. भुसा उडाला आणि पार उताराकडे गेला.

ती परत आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "वारं पडलेलं न्हाई. अडलंय. माझं चुकलं."

पाटील एवढंच म्हणाले, "कडबा उचला रे."

मला तिचा फार राग आला. घरी आल्यावर मी तिच्यापुढे भाकरी आदळली. शेजारचा, ज्याची म्हातारी गेली होती तो, दारात येऊन उभा राहिला.

"काहून बोललीस? पाटील बी गप होते. माझी माय त्या मातीत होती, तुला ठावं न्हाई का?"

आत्या म्हणाली, "मला बी ठावं हाय. तुझ्यासंगं माती मीच उपसली."

"मंग?"

"मंग काय? खोटं बोलून खोली बांधली असती. पुढल्या सालचं पयलं खळं उपणायला मीच गेले असते अन् भुसा सगळ्याच्या तोंडावर पडला असता. लोकांनी खोली पाडली असती, संगं खांब बी. मंग तू कुणाला बोलला असतास?"

"आता तर खांबच न्हाई."

"सभा सरली न्हाई अजून."

"तू तोंड उघडणार न्हाई म्हणालीस."

आत्याने भाकरी मोडली. तो थुंकला आणि गेला. वस्तीत त्या दिवसापासून तिला पाटलाची उपणणारीन म्हणायला लागले. तिच्या तोंडावरही म्हणायचे. ती ऐकून घ्यायची आणि पाणी आणायला जायची.

सभा पुन्हा भरली तेव्हा ओव्हरसियर कागद घेऊनच आला होता, पलीकडच्या गावाला जायच्या तयारीने. आत्या बायांच्या पुढे बसली होती, बोलाप्रमाणे तोंड मिटून. ते बघून लोकांना मजा वाटत होती. सरपंचांनी विचारलं, कुणाला काही म्हणायचंय का? पाटील उठले. आज ते सावकाश बोलत होते.

"खांबाला माझी ना न्हाई. खांबाच्या आड माशी लपत न्हाई, तिथं वारं काय अडंल? माझं भांडण त्या खोलीशी हाय."

आत्या ताडकन उठली. बोलली नाही. पाटलाकडे बघून तिने दोन्ही हातांनी इशारा केला, म्हणजे तेच, तेच लिहा.

पाटील म्हणाले, "अगं बोल की! तुझं तोंड बंद असलं की मलाच धडकी भरते."

सभा हसली. आत्या म्हणाली, "तुमी सोडलं म्हणून बोलते. ठराव कशापायी हाय, वाऱ्यापायी ना? मंग माळावर भिंत नको म्हणून लिहा. बांधकाम नको, बांधकाम नको असं काहून लिहायचं? खांब माळावर घ्या. खोली खाली उतरणीवर घाला, आमच्या अंगाला. वारं खळ्यावरून गेल्यावर मंग खोलीला लागूं द्या, कितीबी."

ओव्हरसियर म्हणाला, "खांबापासून खोलीपर्यंत तार ओढावी लागेल. फार लांब चालणार नाही."

"किती लांब चालंल ते तुमी सांगा. आमी तिथं दगड ठेवतो."

तो उठला, माळावर जाऊन टेप लावून आला. जरा कुरकुरला, पण चालेल म्हणाला. पाटील म्हणाले, "त्या दिशी हिनं आपल्याच वस्तीच्या इरोधात खरं सांगितलं. माझी ज्वारी माझ्यासमोर मिसळून पडली व्हती अन् लोक वारं पडलंय म्हणत व्हते. ही बाई म्हणत असंल की उतरणीवर खोली चालंल, तर चालंल. मला आणखी करून पाहायचं न्हाई."

ग्रामसेवकाने ठराव लिहिला. आत्याला वाचता येत नव्हतं. मी चौथी झालेले, तर तिने मला उभं केलं आणि मोठ्याने वाचायला लावलं. खळ्यांच्या माळावर वारा अडेल अशी भिंत वा आडोसा कोणी बांधू नये, वायरलेसचा मनोरा उभारण्यास हरकत नाही, खोली पूर्वेच्या उतारावर असावी, असं होतं. लेक माझ्या कडेवर रडत होता, त्यामुळे दोनदा वाचावं लागलं. मग हात वर झाले. शेजारच्यानेही हात वर केला. आत्याकडे मात्र बघितलं नाही.

मनोऱ्याचे लोखंडी तुकडे ट्रकमधून आले, पण ट्रक माळावर चढेना. पाटलाने न सांगता आपल्या बैलजोड्या पाठवल्या. स्वतः काठी घेऊन पुढे चालत होते आणि गड्यांना शिव्या देत होते. खोली उतारावर झाली, आमच्या वस्तीकडे तोंड करून. पावसाच्या आधी वायरलेसवाला परत आला. आल्या आल्या आत्याने त्याला दम दिला, की झोपलास तर याद राख.

भाद्रपदात पाऊस लागून राहिला होता. एका दुपारी रूळ वाजला. वायरलेसवाला बडवत होता आणि ओरडत होता, सांजच्याला पाणी येईल. आम्ही निघालो. लेकरं, कोंबड्या, पिठाचे डबे, अंथरुणं. आत्या घराघरात शिरून म्हाताऱ्या माणसांना बाहेर काढत होती. एक आजी हटून बसली, म्हणाली मी मरंल तर हितंच. आत्याने तिला उचलून शेजारच्याच्या पाठीवर टाकलं. तो तिला घेऊन चढला. पाटलाने आपल्या खळ्यावर आमच्यासाठी ताडपत्री बांधून ठेवली होती.

पाणी दिवस मावळायच्या आत आलं. आम्ही माळाच्या कडेला उभं राहून बघत होतो. आधी काठ बुडाला, मग जुनी तडे गेलेली खोली, मग आमची गल्ली. शेजारच्याची नवी भिंत हळूहळू वाकली आणि पाण्यात बसली. आत्या त्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

तो म्हणाला, "भिंत गेली."

"जाऊं दे," आत्या म्हणाली. "आत कुणी न्हाई."