मावसाजींचं हिरवं पुडिंग

सर्व वाचकांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं, की चहा पितात हा जगाचा एक मोठा गैरसमज आहे. चहा खातात. तोही हिरवा, दुधात थिजवलेला, चमच्यानं. पन्नासच्या दशकात हे सत्य उभ्या मंगरूळपीर तालुक्यात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ते म्हणजे माझे मावसाजी, माझ्या मावशीचे यजमान. ते सत्य स्वतःपुरतं ठेवण्याइतके ते अप्पलपोटे नव्हते, हीच आमची पंचाईत होती.

मावसाजी लढाईवर गेले होते. बंदूक घेऊन नव्हे, झारा घेऊन. पलटणीच्या लंगरात ते आचारी होते आणि लढाई संपल्यावर ती पलटण काही महिने जपानात राहिली. तिथल्या एका म्हातारीला त्यांनी पोळी लाटायला शिकवलं. तिनं त्यांना पुडिंग शिकवलं आणि निघताना हिरव्या चहाच्या पुडीचा एक डबा हातावर ठेवला. तेवढ्या शिदोरीवर हा माणूस उरलेलं आयुष्य जपानी झाला. भेटेल त्याला कमरेतून वाकून नमस्कार करायचा, मग तो तहसील कचेरीतला चपराशी असो की शेजाऱ्याची म्हैस. एकदा कारंज्याच्या मोटारीच्या कंडक्टरला ते असे तीनदा वाकले. कंडक्टरला वाटलं यांचं काही पडलं आहे, तोही वाकला. मग रांगेतले सगळेच वाकून शोधू लागले. पाच-सात मिनिटांनी एक बाई म्हणाली, "पन हारपलं काय हाये, थे तं सांगा!" मावसाजी म्हणाले, "काहीच नाही बाई, जपानमंदी असाच रामराम करतेत."

तो डबा आमच्या देवघरात असे. खंडेनवमीला लोक तलवारी, विळे, वजनकाटे पूजतात. मावसाजी डब्याला हळदकुंकू वाहत. "मी शिपाई मानूस, माझं हत्यार हेच," असं ते भटजींना सांगत. वर्षातून एक-दोनदाच डबा उघडायचा, तो मोठा पाहुणा आला तर. मग दर्ग्याजवळच्या दुकानातून दूध थिजवणारं चायनागवत यायचं. रमजानात फालुद्यासाठी दुकानदार ते ठेवायचाच. मावसाजी त्या पांढऱ्या काड्या भिजवून मंद आचेवर विरघळवत, दूध-साखर घालत, बुरुडाकडून करून घेतलेल्या बांबूच्या कुंच्यानं हिरवी पूड कोमट पाण्यात घोटत आणि गाळून वाट्यांत ओतताना म्हणत, "आता भट्टी नाही, निखारा नाही, वाफ नाही. सोताच गोठते बापा, शहान्या लेकरावानी!" त्या वाट्या पाण्याच्या माठाखालच्या ओल्या रेतीत रुतवून वर ओलं फडकं टाकायचं, आणि दोन तास घरात कुणी मोठ्यानं शिंकायचं नाही. शिंकेचा आणि चायनागवताचा संबंध त्या म्हातारीनं सांगितला होता की मावसाजींनी वाटेत बोटीवर रचला, हे कधी कळलं नाही. मावशी त्याला 'हिरवा चीक' म्हणे आणि नाक मुरडून दोन वाट्या खाई.

माझी आई मी लहान असतानाच गेली. मावशी-मावसाजींनी मला वाढवलं, शिकवलं, मास्तर केलं. त्यामुळे माझं लग्न ठरवणं हेही त्यांचंच काम होतं. कामरगावची मुलगी आम्ही पाहून आलो होतो. पोहे खाताना माझा चष्मा घसरून बशीत पडला तेव्हा सगळे हसले. तिनं मात्र मुकाट्यानं ओलं फडकं आणून दिलं. त्याच क्षणी मी मनातल्या मनात अक्षता टाकून मोकळा झालो. आता तिचे वडील आमचं घर बघायला येणार होते. ते गावातले किराणा दुकानदार, सज्जन पण पोळलेले. त्यांच्या थोरल्या मुलीचा नवरा नशेबाज निघाला होता. "पोरगा गरीब असला तं चालन, पन घरात नशापानी नको," एवढी एकच अट त्यांनी मध्यस्थाकडून कळवली होती.

अशा माणसापुढे काय ठेवू नये, हे शेंबड्या पोरालाही कळेल. मावसाजींना कळलं नाही. मी पाया पडलो, मावशीनं डबा लपवला. पण शिपाईगडी तो, त्यानं शोधून काढला. "लेका, तुह्या लग्नात हत्यार काढू नाही तं कवा काढू?"

फाल्गुनातली दुपार. पाहुणे आले; सोबत त्यांची थोरली बहीण, पांढऱ्या लुगड्यातली, ओठ घट्ट मिटलेली म्हातारी. बोलणी छान चालली होती. तेवढ्यात मावसाजी ताट घेऊन आले आणि कमरेतून वाकले. वाट्यांमध्ये हिरवंगार, दुधाळ, थरथरणारं काहीतरी होतं. पाहुण्यांचा चेहरा पडला.

"भांग?"

"नाही नाही, च्या हाये!"

"च्या हिरवा असते काय? काहून चेष्टा करून राह्यले बुवा? शिमगा तोंडावर आला म्हनून पोरीच्या बापाले भांग खाऊ घालता?"

त्यांनी टोपी उचलली. माझा संसार दारापर्यंत चालत गेलेला मला दिसला. मावसाजी आडवे आले. "पाहुने, बसा. मी तुमच्यासमोर तीन वाट्या खातो. मंग काय वाटन थे इचारा. जीभ अडखळली तं पोरगी नका देऊ!" आणि खरंच त्यांनी उभ्या उभ्या तीन वाट्या रिचवल्या. पाहुणे दुकानदार पडले. थोडा वेळ वाट पाहून म्हणाले, "औटकी म्हना."

साडेतीनाचा पाढा! मी मास्तर असूनही पाठीमागे बोटं मोजू लागलो. मावसाजींनी छाती काढून सुरुवात केली. एक औट औट, दोन औटे सात, तीन औटे साडेदहा... सहा औटे एकवीसपर्यंत पलटण शिस्तीत चालली. "सात औटे..." मावसाजी थांबले. आढ्याकडे पाहिलं. कपाळावर घाम आला. "सात औटे... सत्तावीस?"

पाहुण्यांनी टोपी डोक्यावर घातली. आणि आतल्या दाराआडून, जिथून बाईमाणसानं पाहुण्यांसमोर आवाज काढायचा नसतो तिथून, मावशी ओरडली, "अवो, बसा तुमी! पंधरा वर्सं झाले लग्नाले, यायले शुद्धीतबी कवा औटकी आली नाही!"

त्या काळी दुसऱ्या एखाद्या घरात त्यानंतर काय झालं असतं, ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. सगळे मावसाजींकडे पाहू लागले. मावसाजींचं पोट आधी हललं, मग खांदे, आणि मग ते इतके हसले की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. डोळे पुसत म्हणाले, "खरं बोलते जी थे. बेरीज-वजाबाकी सारी तिच्याच हाती हाये."

मावसाजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. डबा कधीच रिकामा झाला. बायकोनं त्यात काही भरायचं नाही असं ठरवलंय, कारण झाकण उघडलं की अजून थोडा वास येतो, ओल्या गवतासारखा. मी तिथंच होतो, तरी तिच्या माहेरी ते कसं सांगतात हे ऐकायला मी तिला कधीमधी विचारतो, तुझ्या वडिलांनी होकार कशावर दिला? ती म्हणते, वडिलांनी दिलाच नाही. ते टोपी घालून उभेच होते. पांढऱ्या लुगड्यातल्या, तोवर ओठ मिटून असलेल्या तिच्या आत्यानं मात्र समोरची वाटी ओढून घेतली होती, एक चमचा तोंडात घातला होता, आणि ती दाराआडच्या मावशीकडे एकटक बघत होती. मग भावाच्या थोरल्या पोरीची आठवण आली असावी, कारण तिचे डोळे भरून आले, आणि तोंडातला घास तसाच ठेवून ती भावावर ओरडली,

"अरे बस खाली, इथंच दे पोरगी! या घरात बाईले तोंड हाये!"