शेडनेटचं मेमरी कार्ड
कपाट आवरताना नखाएवढं एक जुनं मेमरी कार्ड हाती लागलं आणि त्याच्या कडेचा फिकट लाल डाग पाहून शेतातल्या शेडनेटमधली ती दुपार आठवली. भर उन्हाळा होता, आत काकडीची कोवळी रोपं होती आणि फवारे चालवणारा छोटा संगणक कार्ड खराब झाल्याने बंद पडला होता. बायको पाइपने पाणी मारत होती, तरी रोपं माना टाकत होती. मी घरी लॅपटॉपवर नवीन कार्ड तयार करायला बसलो. गाणी भरतात तशी नुसती फाइल टाकून भागत नाही. अख्खी डिस्क इमेज, म्हणजे मशीनच्या सगळ्या प्रणालीची जशीच्या तशी प्रत, कार्डावर उतरवावी लागते, तेव्हाच मशीन त्यावरून सुरू होतं. इमेज कार्डात मावते का ते आधी पाहिलं, उतरवल्यावर मूळ इमेजशी आकडे जुळवून पडताळणी केली आणि कार्ड टेबलावर ठेवून हात धुवायला गेलो. शेडनेटमध्ये येऊन ते संगणकात घातलं, तर दिवा लागेना. "काऊन, चालू नाही होऊन राह्यलं?" मागोमाग आलेल्या आईने विचारलं. "आकडे तर सगळे जुळले होते," मी म्हणालो. "मंग होईन. मी त्याले हळद-कुंकू लावलं हाय. नवी वस्तू तशीच लावतं काय बे?" मी कार्ड काढलं, सोनेरी पट्ट्यांवरचं कुंकू कोरड्या फडक्याने पुसलं आणि परत घातलं. दिवा लुकलुकला, फवारे फुसफुसत सुरू झाले. "पाह्य," आई म्हणाली, "कुंकवाबिगर चाललं असतं काय?" आता नवीन कार्ड तयार झालं की मी ते डबीत बंद करूनच तिच्यापुढे ठेवतो, कुंकू डबीला लागतं आणि मशीन पहिल्याच वेळी सुरू होतं.